बिनडाग काच

खिडक्या आणि यंत्रं एकमेकांशी मोकळेपणाने बोलत, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका छोट्या स्टेशनात तिकिटाचं नवं मशीन आलं. शेजारच्या तिकीट-खिडकीच्या फळीवर लोकांनी वर्षानुवर्षं कोपरं टेकली होती, त्यामुळे तिला खळगा पडला होता. मशीन तिला म्हणायचं, "फळीबाई, माझी काच बघा. महिना झाला, एक डाग नाही."

"दिसतंय," फळी एवढंच म्हणायची.

मग दोन दिवस खिडकी बंद राहिली. बांगड्या विकणाऱ्या हौसाबाई कासार मशीनपुढे आल्या. त्यांनी टोपली उतरवली, चष्मा लावला आणि यादीत गाव शोधू लागल्या. तेवढ्यात मशीनने पुन्हा पहिलं पान आणलं. असं तीनदा झालं, आणि गाडी निघून गेली.

"मलाच जमत नाही," म्हणत त्या परत फिरल्या.

"फार सावकाश होत्या," मशीन पुटपुटलं.

"माझ्याकडे त्या तीस वर्षं येतात," फळी म्हणाली. "आधी टोपली टेकवतात, मग चष्मा शोधतात, मग गाव सांगतात. त्यांची गाडी कधी चुकली नाही."

मशीनला आपली काच पहिल्यांदाच ओकीबोकी वाटली.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईंना गाव सापडेपर्यंत त्याने यादी धरून ठेवली. तिकीट हातात आल्यावर त्या मागच्या माणसाला ताठ मानेने म्हणाल्या, "सोपं आहे. या, मी दाखवते."

संध्याकाळी सफाईवाला फडकं घेऊन आला. काचेवर बोटांचे ठसेच ठसे उमटले होते.

"फळीबाई," मशीन म्हणालं, "पुसायच्या आधी एकदा बघून घ्या."