भागूआईची गोळी आन् धाकलूचा पाय

फार वर्षांपूर्वी, म्हंजे जवा गेळवाडीच्या सड्यावर वाघ दिवसाढवळ्या ऊन खात पडायचा आन् माणसं त्येला "जरा सरक बाबा" म्हणून वाट मागायची, तवाची ही गोष्ट. आसं म्हणत्यात. तुम्ही नव्हता, मुकाट ऐका.

सडा म्हंजे डोंगराच्या डोक्यावरचं सपाट रान. वर गवत, खाली कातळ, कडंनं गेळीची झाडं. गेळीला लिंबाएवढी गोल फळं लागत्यात, दगडावानी टणक. त्या गेळवाडीत धनगराच्या घरात, ढेब्यांच्यात, भागू जन्माली. बाकीची पोरं जन्मल्यावर मुठी आवळत्यात, तर हिच्या मुठी एकीखाली एक, काठी धरल्यावानी. सुईण म्हणाली, "बया, ही तर राखणीलाच आलीया!"

चार वर्साची झाली तशी म्हशींमागं जायला लागली. हातात हिरड्याची काठी. मुळासकट उपटल्याली, म्हणून खालचं टोक वाकडं, गाठीचं. त्या गाठीनं ती गेळ मारायची. पोरं लांबचं खेकड्याचं बीळ दावायची, "भागे, ह्यात घाल." ही एक डोळा झाकायची, आन् टाप्! गेळ बिळात. आतला खेकडा बाहेर येऊन बघायचा, कोण पाव्हणं आलं म्हणून. आसं म्हणत्यात.

तिच्याच वयाचा, शेजारच्या आखाड्यांचा धाकलू. ह्येच्या हाताला काय गुण नव्हता, पर पाय! माकडाचा पाय, माकडाचा. पायाच्या बोटांनी त्यो कायबी उचलायचा. उभ्या उभ्या, आभाळाकडं बघत, शीळ घालत. पाटलाची चिलीम पाटलाच्या म्होरनं गेली तरी पाटलाला कळायचं न्हाई. भजनाला बसल्याल्या म्हाताऱ्यांच्या धोतराचं सोगं त्येनं एकमेकाला बांधलं, आन् आरतीला सगळे एकदम उठले. मंग काय झालं ते सांगत न्हाई, बायामाणसं बसल्यात. मार लई खायचा. पर पकडला गेला की सगळ्यांच्या आधी त्योच हसायचा.

मंग एका उन्हाळ्यात सायेब लोक सड्यावर आलं. गवत कापलं, नऊ खड्डं पाडलं, दर खड्ड्याला एक निशाण लावलं आन् पांढऱ्या गोळ्या काठ्यांनी बडवीत हिंडाय लागलं. गेळवाडी कडंला बसून बघायची. भागूचा आजा म्हणाला, "एवढी माणसं, एवढं खड्डं, आन् पेरत तर कायबी न्हाईत. पीक यायचं कसं?"

एक दिवस एका लाल मिशीच्या सायबाची गोळी म्हशींच्यात येऊन पडली. सायबानं तीनदा काठी हाणली. तीनदा माती उडाली, गोळी जागची हालली न्हाई. सात वर्साची भागू म्होरं झाली, म्हशीला बाजूला ढकललं, एक डोळा झाकला. टाप्! गोळी गेली ती निशाणापाशी खड्ड्यात. लाल मिशीचा सायेब पोरीकडं बघत ऱ्हायला. म्हस रवंथ करत ऱ्हायली. दुसऱ्या दिवशी त्यानं भागूला खेळायला बोलावलं. बाकीचे सायेब कुरकुरले, पोरीची जात, त्यात धनगराची. लाल मिशीवाला म्हणाला, "आधी हिला हरवा, मंग बोला."

कुणी हरवलीच न्हाई. बारा वर्साची होस्तवर सगळ्या सायबांनी तिच्याकडनं मार खाल्ला. तिनं मारल्याली गोळी ढगातनं जायची आन् खाली यायची ती वली होऊन. ती वाऱ्याला थांब म्हणायची आन् वारा थांबायचा. आसं म्हणत्यात. पर ह्या सगळ्याहून मोठी गोष्ट येगळीच. भागूचा एक नेम व्हता. गोळी कुठंबी पडू दे, काट्यात, शेणात, दगडाच्या फटीत, ती हात लावायची न्हाई. म्हणायची, "पडली तिथनं मारायची. हालवली तर ती माझी गोळी न्हाई."

तिची थैली उचलायला कोण? धाकलूच. थैली उचलायची, आन् म्होरं पळत जाऊन गोळी कुठं पडली ते बघून ठेवायचं. सड्यावर धुकं आलं की दहा पावलावरचा माणूस दिसत न्हाई, म्हणून म्होरं माणूस लागायचाच.

आता ध्यान देऊन ऐका. भागू अठरा वर्साची असताना मोठा सामना ठरला. लांबच्या डोंगरावरनं एक ताडमाड सायेब आला. लोक त्येला लंबू सायेब म्हणायची. त्यो सगळ्या मैदानांवरचा पैला नंबर. त्येला हरवील त्येला चांदीचा पेला आन् पैला नंबर. लंबू सायेब माणूस सरळ. भागूला बघून त्येनं टोपी काढली. बाईमाणसासाठी टोपी काढल्याली गेळवाडीनं तवा पैल्यांदा बघितली.

आन् ह्या धाकलूला आदल्या दिवशी काय सुचलं? खोडी. पाऊस पडून गेल्याला, जमीन मऊ. सायबांच्या त्या गुळगुळीत नवव्या खड्ड्याच्या अलीकडं त्येनं आपली मोरी म्हस नेली आन् चांगली फिरवून आणली. सकाळी सायबांची तोंडं कशी व्हत्यात ते बघायला. सकाळी सायेब खवळलं, माळ्यानं माती लोटली, धाकलू झाडामागं पोट धरून हसला. पर म्हशीच्या खुरांचं सगळं ठसं काय बुजलं न्हाईत.

सामना झाला. आठ खड्डं झालं, दोघं बरोबर. नववा ऱ्हायला. ज्येचं फटकं कमी, त्येची जीत. लंबू सायबानं चार फटक्यात गोळी घातली. भागूनं तिसरा फटका मारला आन्... थांबा, घाई करतोय. तिसरा न्हाई, दुसरा फटका तिनं मारला आन् धुकं आलं. धाकलू म्होरं पळाला. गोळी शोधली. बघतो तर काय, मोरी म्हशीच्या खुरात. खूर खोल, आत चिखल, आन् चिखलात गळ्यापर्यंत रुतल्याली गोळी. आता तिथनं एका फटक्यात खड्ड्यात घालाय पायजे व्हती, तरच तीन व्हणार आन् जिंकणार.

भागूच्या सगळ्या वर्सांची मेहनत त्येच्या म्हशीच्या खुरात पडल्याली. मागं भागू हाक देत व्हती, "धाकल्या, घावली का?"

त्येनं आभाळाकडं बघितलं. शीळ घातली. डाव्या पायाच्या बोटांनी गोळी उचलली, गवतावर पुसली आन् हातभर लांब, चांगल्या गवतावर ठेवली.

"घावली!" म्हणाला.

धुकं उठलं. भागू आली, एक डोळा झाकला. टाप्! गोळी खड्ड्यात. तीन फटकं. गेळवाडी नाचली. लंबू सायबानं परत टोपी काढली, भागूशी हात मिळवला. मंग धाकलूकडं आला आन् त्येच्याशी बी हात मिळवला. म्हणाला, "एवढ्या धुक्यात बरी घावली रे तुला."

त्या दिवशी धाकलू हसला न्हाई. जन्मात काढल्याल्या सगळ्या खोड्या पकडल्या गेल्या व्हत्या, म्हणून त्यो हसायचा. ही एकच कुणी पकडली न्हाई.

म्होरं भागूचं नाव झालं. आगगाडीत बसून ती लांब लांबच्या मैदानांवर गेली, थैली घेऊन मागं धाकलू. जाईल तिथं जिंकली. पर जाईल तिथं लोक धाकलूला धरायची. "तू व्हतास न्हवं तिथं? सांग की, ती गेळवाडीची गोळी कशी बसली व्हती?"

धाकलू सांगायचा, "गवतावर. फुलावानी."

एवढंच सांगायचा आन् खाली बघायचा. लोक म्हणायची, किती नम्र माणूस हाय! आता ह्येला काय म्हणावं? त्येच्या तोंडची भाकर कडू व्हायची आन् लोक त्येला नम्र म्हणायची.

गावात त्येनं खोड्या सोडल्या. पाटलाची चिलीम जागच्या जागी ऱ्हायली. म्हाताऱ्यांची धोतरं सुटी ऱ्हायली. त्येची आई एक दिवस म्हणाली, "आरं काढ की रं एखादी खोडी. घर कसं मेल्यावानी झालंय." ह्यो उठून गोठ्यात गेला आन् मोरीच्या खुरांकडं बघत बसला.

अकरा वर्सं गेली. भागू सगळ्यांत मोठी झाली, तिच्या वरचं नावच ऱ्हायलं न्हाई. मंग गावानं ठरवलं, जिथनं भागूनं ती गोळी मारली तिथं दगड बसवायचा. चांगला घडीव दगड आणला. हळदकुंकू, नारळ, हलगी, सगळं गाव सड्यावर. भागू बी आल्याली, चांदीचा पेला घेऊन. पाटील म्हणाला, "धाकलू, तू गोळी बघितल्यालास. जागा दाव."

धाकलू म्होरं झाला. सगळी त्येच्या पायांकडं बघत व्हती. त्येनं गवतावरची जागा बघितली. हितं दगड बसला, की पोरं हितं डोकं टेकणार. त्यांची पोरं टेकणार. त्येच्या पायाच्या बोटांनी केल्याल्या लबाडीला कुंकू लागणार.

"दाव की! नारळ वाळून खोबरं झालं!" पाटील ओरडला.

धाकलू हातभर मागं सरला. "हितं," म्हणाला. "गोळी हितं पडली व्हती. माझ्या म्हशीच्या खुरात. म्हस बी मीच फिरवली व्हती. मी पायानं उचलली आन् तिथं ठेवली."

हलगी थांबली.

लोक आधी हसली. धाकलू बोललाय म्हंजे खोडीच आसणार! एक जण म्हणाला, "आली बाबा, अकरा वर्सांनी आली!" मंग त्यांनी धाकलूचं तोंड बघितलं, आन् हसू जिरलं.

भागू जवळ आली. "कंच्या पायानं?"

"डाव्या."

"माझ्यावर भरवसा नव्हता व्हय रं तुझा?"

धाकलूला वाटलं व्हतं ती शिव्या देईल, काठी घालील. ते बरं पडलं आसतं. ती नुसती खाली बघत ऱ्हायली आन् तिचं कान लाल झालं. एवढी मोठी भागू, आन् सगळ्या गावासमोर तिलाच लाज वाटली.

मंग ती म्हणाली, "मोरीची रेडकी कुठाय?" मोरीची लेक आता म्हस झाल्याली. ती आणली, तिथं पाणी वतून तिला त्याच जागी चालवली. खूर पडलं. भागूनं गोळी खुरात ठेवली, गळ्यापर्यंत दाबली. हिरड्याची काठी घेतली. एक डोळा झाकला.

टाप्.

चिखल तिच्या तोंडावर उडाला. गोळी दोन हात सरकली आन् थांबली. बायांनी पदर तोंडाला लावला, गड्यांनी मान फिरवली. भागूनं तोंड पुसलं न्हाई. परत मारली, आन् ती गेली खड्ड्यात.

"चार," भागू म्हणाली. "लंबू सायबाचं बी चार. म्हंजे बरोबरी व्हती. मी जिंकले नव्हते." चांदीचा पेला तिनं धाकलूच्या डोक्यावर ठेवला. "चल. आन् वाटंत जो इचारील त्येला सांगत चल."

सड्याच्या पल्याड, दोन कोसांवर लंबू सायेब म्हातारपणी येऊन एकटा ऱ्हायचा. धाकलू म्होरं, भागू मागं. वाटंत सतरा घरं. "धाकलू, पेला कुठं न्यायला लागलास?" आन् धाकलू सांगायचा. पैल्या घराला त्यो उंबऱ्याकडं बघत बोलला, सतराव्या घराला त्येला रडू फुटलं. एका म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आन् म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या धोतराला गाठ मारलीस तवा मी हसले व्हते रं. आज काय हसू येत न्हाई."

लंबू सायेब ओसरीवर बसला व्हता. धाकलूनं पेला म्होरं ठेवला आन् सगळं सांगितलं. भागू म्हणाली, "सायेब, परत खेळू. आत्ता."

सायबानं आपलं कापतं हात तिला दावलं. पाण्याचा तांब्या धरवत नव्हता, काठी काय धरणार? ती बरोबरी तशीच ऱ्हायली. कुणाला आता ती मोडता येणार नव्हती.

सायबानं धाकलूच्या अनवाणी पायांकडं बघितलं. मंग आत गेला, आपलं जुनं बूट घेऊन आला आन् त्येच्या म्होरं ठेवलं. "घाल," म्हणाला.

ताडमाड माणसाचं बूट ते. धाकलूचा पाय आत गेला तर पुन्हा तेवढीच जागा शिल्लक, पर ती लबाड बोटं झाकली गेली. ठॉप ठॉप करत त्यो गावात आला. लपून जायची सोय न्हाई. कुत्री भुंकली, पोरं मागं लागली, आन् सगळी दारं उघडली. धाकलू मान खाली घालून चालत ऱ्हायला.

दुसऱ्या दिवशी त्यो घरातनं भाईर पडंना. दारात भागू उभी. "थैली कोण उचलणार, तुझा बाप?" म्हणाली. "बूट घाल आन् चल."

त्या दिसापास्नं भागू खेळाय लागली की आधीच सांगायची, "माझा एक फटका लिवा. झाल्याला हाय." एक फटका अंगावर घेऊन ती बावीस वर्सं खेळली, आन् तरी तिला हरवणारा जन्माला आला न्हाई. खरी मोठी ती तवा झाली, आसं म्हणत्यात. आन् बावीस वर्सं तिच्या मागनं ठॉप ठॉप आवाज यायचा.

आता सायेब गेलं, निशाणं गेली. पर पाऊस सरला, सड्यावर फुलं आली, की गेळवाडी अजून काठ्या आन् गेळ घेऊन वर जाती. पाटील आसू दे नाहीतर शेंबडं पोरगं, मोजणी एकापास्नंच सुरू. मारायच्या आधीच म्हणायचं, "भागूआईचा एक." दगड बी हाय. खुराच्या जागी हाय, गवताच्या न्हाई.

देवापुढं माणसं पायताण काढत्यात. गेळवाडीत त्या दगडापुढं पायताण घालत्यात. ज्येच्याकडं नसंल त्यो शेजाऱ्याचं मागून घेतो, मोठं आसंल तर ठॉप ठॉप करत जातो. नवा पाव्हणा हसतो. मंग कुणीतरी त्येला ही गोष्ट सांगतं, आन् पाव्हणा हळूच आपल्या पायांकडं बघतो.