हाशा तांडेलाचं बसणं

आमच्या पणज्यांनाही जी नुसती ऐकूनच ठाऊक होती, इतकी जुनी ही गोष्ट. तेव्हा वेरसोंडच्या खाडीवर दोन कोळीवाडे होते, वरचा आणि खालचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की दोन्ही वाड्यांच्या मिळून बारा शिडाच्या होड्यांची शर्यत लागायची. समुद्रातल्या बोडक्या खडकाला वळसा घालून जी होडी आधी परत येईल, तिच्या वाड्याने वर्षभर खाडीच्या मुखाशी जाळी लावायची. मासळी सगळी तिथेच. दुसऱ्या वाड्याने उरलंसुरलं वेचायचं.

खालच्या वाड्याची सगळ्यात पुढची होडी हाकायचा हाशा तांडेल. त्याने सुकाणूला हात लावला की वारा मागून चालत यायचा, असं म्हणतात. वीस वर्षं तो हरला नाही. वाड्यातल्या चुली पेटायच्या त्याच्या जिंकण्यावर, म्हणून त्याचे केस पिकले, उजवा खांदा उतरला, तरी त्याला कोणी बसू देईना. बायको धर्मी रोज खांद्याला तेल चोळायची आणि तो म्हणायचा, "यंदा मी बसतो." मग वाड्याचा पाटील दारात यायचा. "तांडेल, येवढंच वरीस काढा." हे येवढंच वरीस सात वेळा आलं. माणूस चांगला असला की त्याचं असंच होतं.

एकविसाव्या वर्षीही हाशा उठला. धर्मीने पानाची पितळी डबी त्याच्या हातात दिली. त्या दिवशी वारा इतका छान होता की लहान पोरानेही होडी नेली असती. बोडक्या खडकाशी हाशाची होडी सगळ्यांच्या पुढे होती. तिथे तो खलाशांना म्हणाला, "शीड उतरवा."

खलाशी चक्रावले, पण तांडेलाचा शब्द. शीड उतरलं. मागून येणाऱ्या अकरा होड्यांनी ते पाहिलं. हाशा भर वाऱ्यात शीड उतरवतो म्हणजे त्याला वादळ दिसलं असणार, असं समजून सगळ्यांनी घाईघाईने आपापली शिडं उतरवली. आणि हाशा? तो खडकावर उतरला, पाय पसरून बसला आणि पान लावू लागला.

पान तोंडात जातं न जातं, तोच पश्चिमेकडून वादळाची काळी सर आली आणि उघड्या डोलकाठ्यांवरून गरजत गेली. शिडं वर असती तर एकही होडी परतली नसती. हाशाला वाऱ्याचा वास आला होता, असं म्हणतात. मला विचाराल तर तो दमला होता, बाकी काही नाही.

सर ओसरली तेव्हा खडकावर नुसती डबी होती, झाकण नीट लावलेली. दिवसभर शोधलं, सापडला नाही. होड्या एकत्रच परतल्या. पहिली कुठली, ते कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायला निघाले, तर धर्मी पुळणीवर वाट अडवून उभी राहिली. "सात वरसं तुमीच त्याला उठवलंत," ती म्हणाली. "आता बसलाय, तर बसू दे."

पाटलाने होड्या परत पुळणीवर ओढायला सांगितल्या. त्या वर्षी दोन्ही वाड्यांनी खाडीच्या मुखाशी पाळीपाळीने जाळी लावली, आणि दोघांनाही पोटभर पुरलं. एवढी साधी वाटणी, पण ती सुचायला एक माणूस जावा लागला.

शर्यत अजून होते. बोडक्या खडकाशी आलं की सगळ्या होड्या शिडं उतरवतात आणि एक पान चघळून होईपर्यंत गप्प बसतात, वारा कितीही चांगला असो. आणि वेरसोंडमध्ये कोणी "मी बसतो" म्हणाला, तर त्याला कारण विचारत नाहीत. पाट सरकवतात, पाणी देतात आणि त्याच्या वाटणीचं काम उचलून चालू लागतात.