डाव्याचा काटा, उजव्याचं पाणी

फार पूर्वी, पाखरं एकमेकांच्या घरट्यात बिनधास्त डोकावत, तेव्हाची गोष्ट. साळुंकीच्या कानावर कुजबुज आली, "खंड्याच्या डाव्या डोळ्यात बाभळीचा काटा मोडला, आता उजवाही..." पुढचं वाऱ्यानं नेलं. साळुंकी तडक ओढ्यावर हजर!

"अहो भावजी, उजवाही जाणार म्हणे?"

"काहीतरीच! काटा डावीकडे लागलाय. उजव्याचा काय संबंध?" खंड्या फणकारला.

पण उजवा लालभडक होऊन गळत होता. खंड्यानं सूर मारला, तो मासोळीऐवजी दगडावर. बिळात पिल्लं उपाशी ओरडत होती.

"डाव्याला काय लावता?"

"काही नाही. तो गेलाच, म्हणून सोडून दिला. पाल्याचा रस उजव्यात घालतो."

"वा! दुखणाऱ्याकडे पाठ फिरवायची आणि रडणाऱ्याला गप्प करायचं! इकडे करा तोंड."

साळुंकीनं चोचीनं डाव्यातलं काट्याचं टोक अलगद ओढून काढलं आणि रोज तोच डोळा धुतला. हळूहळू उजव्याचं पाणी थांबलं.

कुजबुज अगदीच खोटी नव्हती. डावा मिटला तो मिटलाच, आणि भर उन्हात उजव्यालाही धुरकट दिसे. पण सकाळच्या सावलीत खंड्यानं नेमका सूर मारला आणि बिळाशी येऊन पिल्लांना म्हणाला, "आ करा!"