महाराजांच्या पावलातला काटा

गणोबा हाडवैद्याने थोरली लेक ज्या वर्षी उजवली, त्या वर्षी चिंधीनाथ महाराज सावरखेड्यात मारुतीच्या पारावर मुक्कामाला होते.

लग्नाच्या सकाळीच रखमाजी कोष्टी छपरावरून पडला. नडगी मोडली. गणोबा मांडवातून धावत गेला, हाड बसवले, बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या आणि बजावले, "एकवीस दिवस गाठीला कुणी हात लावायचा नाही."

पाचव्या दिवशी पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. गणोबा लेकीला पोचवायला परगावी गेलेला. रखमाजीने त्याचा शब्द पाळला.

कामट्या सुटल्या तेव्हा हाड सरळ होते. पण पाय वाळून काठी झाला होता, पाऊल लोंबत होते. मागाची पावडी पायाने दाबायची, तिच्यावर ते ठरेना. घरातला माग थांबला. रखमाजी महाराजांपाशी भजनाला बसू लागला. आपण बसवलेला पाय असा चारचौघांत लोंबताना बघून गणोबाला झोंबले.

"काय रे रखमा, टाळ कुटायला हात चालतात, पाय तेवढा मेला होय? सोंग आहे सगळं!"

पारावरचे लोक हसले.

"नाही हो गणोबादादा. माझा पाय मलाच कळत नाही."

"बघू तर!" गणोबाने बाभळीचा काटा त्याच्या पावलात खोल रुतवला. रखमाजी नुसता बघत राहिला. आणि डोळे मिटून बसलेल्या महाराजांनी कळवळून आपला पाय ओढून घेतला! काटा महाराजांच्या पावलात होता. रखमाजीच्या पावलावर ओरखडासुद्धा नव्हता.

महाराज म्हणाले, "गणोबा, हाड मोडताना कधी शीर तुटते. कधी आत रक्त साकळून दबते. कधी बाहेरून आवळली जाते. इथं काय झालं, ते तुझ्या बोटांना विचार."

गणोबाने रखमाजीचा पाय बोटांनी चाचपला. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला शीर हाडाला टेकून जाते. वडिलांनी ती जागा हात धरून दाखवली होती. वाजंत्री सुरू झाली होती, त्या घाईत त्याने नेमकी तिथेच गाठ मारली होती.

"मीच आवळली, महाराज," म्हणत त्याने त्या रक्ताळल्या पावलावर डोके ठेवले.

महाराजांनी रखमाजीच्या गुडघ्याखाली हात फिरवला. पायाचा अंगठा हलला. एवढासाच, पण हलला! झडलेले मांस मात्र पुन्हा भरले नाही. पाऊल दोरीने वर बांधून रखमाजी मागावर बसू लागला.

महाराजांची जखम गणोबाच रोज धूत असे. ती चिघळली, पाय मांडीपर्यंत सुजला. चिंधीनाथ महाराजांनी त्याच वर्षी माघ वद्य नवमीला, सूर्य उगवताना देह ठेवला.