नदी ओलांडलेला दगड

एकदा एक शिष्य दगडांनी भरलेली दोन ताटं घेऊन आपल्या वृद्ध आचार्यांकडे आला. आदिम शिकाऱ्यांनी घडवलेली ती हत्यारं होती, एका नदीच्या दोन्ही तीरांवर उत्खननात मिळालेली. एका ताटात जड, ओबडधोबड हत्यारं होती, दुसऱ्यात नाजूक पाती.

"टोळ्या दोन होत्या," शिष्य म्हणाला. "एक जाड हत्यारांची, एक बारीक हत्यारांची. उद्या विद्वत्सभेत हेच मांडणार." त्याची इतक्या वर्षांची सारी मेहनत त्या सभेत पणाला लागणार होती.

आचार्यांनी एकेक दगड उचलला आणि सगळे सतरंजीवर एकत्र मिसळून टाकले. शिष्याला राग आला. का येऊ नये?

"अरे, प्रत्येकावर शाईने जागेचा आकडा आहे ना? मग हरवलं काय? आकडे खाली कर आणि पुन्हा लाव. जाड-बारीक बघू नकोस, पहिला घाव जिथे घातलाय तिथली कड बघ."

शिष्य धुसफुसत बसला. हळूहळू धुसफूस थांबली. काही दगडांची कड घावाआधी घासून घेतलेली होती, काहींची नव्हती. मग हत्यार जाड असो की बारीक. त्याने दोन ढीग केले आणि आकडे वर केले. घासलेले जवळजवळ सगळे पूर्वतीराचे निघाले, न घासलेले पश्चिमतीराचे.

"तुझ्या घरी कोयता आहे आणि विळीही आहे," आचार्य म्हणाले. "म्हणून काय तिथे दोन कुटुंबं राहतात? हत्यार गरजेप्रमाणे बदलतं. पण घावाआधी कड घासायची की नाही, हे लहानपणी कुणीतरी हात धरून शिकवलेलं असतं. माणसं ओळखायची तर तिथे."

शिष्याने घासलेल्यांतला एक दगड बाजूला सारला. "हा पश्चिमतीराचा आहे. माझं काहीतरी चुकलं असेल."

आचार्यांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. "आमच्या सूनबाईंना या घरात येऊन इतकी वर्षं झाली. भाकरी अजून आपल्या आईसारखीच थापतात."

"म्हणजे हा लग्न होऊन गेलेल्या मुलीचा?"

"ते आपल्याला काय ठाऊक? एक हात नदी ओलांडून गेला असावा, एवढंच म्हण."

दुसऱ्या दिवशी सभेत शिष्याने सर्वांत आधी तोच दगड दाखवला.