चंद्रावरचे आजोबा आणि मंगळाची छत्री

फार पूर्वी, म्हणजे यंत्रं अजून खरं बोलायची तेव्हा, एक म्हातारा प्रोग्राम होता. "जगातली सगळी यानं मीच उतरवली!" असं तो सांगायचा आणि लगेच जीभ चावायचा. "सगळी म्हणजे एकच. चंद्रावर. पण उतरवलं की नाही अलगद?"

नवा प्रोग्राम लिहायचा माणसांना आला कंटाळा. त्यांनी आजोबांनाच, एक अक्षरही न बदलता, मंगळाच्या यानात बसवलं.

मंगळ आला. यान सुसाट खाली निघालं. वेग आवरायला बांधून दिलेली छत्री गाठोड्यातून ओरडली, "आजोबा, मला उघडा! आपटेल यान!"

"गप गं पोरी! चंद्रावर कुठं छत्री लागली होती?"

"चंद्रावर हवाच नव्हती आजोबा, म्हणून मी नव्हते. इथं हवा आहे, मीही आहे. तुम्हाला राहायचंय का, तेवढं बोला!"