खेकड्याची रेकॉर्ड आणि पर्शुराम जावई

खाडीच्या अलीकडे एक गाव होतं आणि त्या गावात पर्शुराम नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती? दाराकडे लक्ष ठेव म्हटलं, तर हा दाराकडे लक्ष ठेवून बसायचा, आणि चोर खिडकीतून येऊन गेला तरी मान वळवायचा नाही. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. दुखणं होतं ते तेच.

त्याला बायको मात्र झकास मिळाली होती. कुंदा तिचं नाव. पर्शुरामने गोंधळ घातला की ती आधी तोंडाला पदर लावून पोटभर हसायची आणि मग गोंधळ निस्तरायची. त्याला वाटायचं, आपल्यासारखा सुखी माणूस खाडीच्या दोन्ही अंगांना नसेल.

विघ्न आलं ते सासऱ्यांच्या भेटवस्तूतून. सासरे जगन्नाथ सुर्वे जन्मभर बोटीवर नोकरीला होते. बाकीचे खलाशी परदेशातून घड्याळं आणायचे, साबण आणायचे. सुर्वे रेकॉर्डी आणायचे, आणि त्याही त्याच त्या गाण्यांच्या. कुठल्याशा विलायती रॉक बँडची रेकॉर्ड होती ती. वेष्टनावर आणि रेकॉर्डच्या मधल्या गोल चिठ्ठीवरही एक टकल्या आणि त्याच्या टकलावर बसलेला खेकडा. गावात सगळे तिला खेकड्याची रेकॉर्डच म्हणत. ज्या बंदरात ती दिसली त्या बंदरात सुर्व्यांनी ती घेतली. एक विलायतेत छापलेली, एक जर्मनीत, एक आपल्याकडची. गाणी तीच, खेकडाही तोच. पण सुर्वे म्हणायचे, प्रत्येक छापाचा आवाज वेगळा. गावाला मात्र सगळ्यांतून फळीवरची भांडी पडल्यासारखंच ऐकू यायचं.

तर सुर्व्यांनी देशी छापाची एक रेकॉर्ड लेकीच्या घरी कौतुकाने पाठवली. नेमकी त्याच दिवशी पर्शुरामची आई म्हणाली, "लोणच्याच्या बरणीला झाकण नाय रे. काहीतरी गोल बघून ठेव वर."

पर्शुरामने बघून ठेवलं. फार चपखल बसलं.

पुढे एकदा सुर्वे लेकीकडे जेवायला आले. लोणचं वाढून घेताना त्यांना बरणीवर तेलात पोहणारा खेकडा दिसला. ते ताटावरून उठले. "ज्या घरात रेकॉर्डीची ही दशा, तिथे माझी लेक नांदायची नाही," म्हणाले आणि कुंदाला घेऊन निघून गेले. कुंदा वळून वळून बघत गेली.

पर्शुरामला घर खायला उठलं. गोंधळ तर तो रोजच घालायचा, पण हसायला कोणी नव्हतं. एकदा त्याने पायजमा डोक्यातून घालायचा प्रयत्न केला आणि आपलंच आपल्याला रडू आलं.

शेवटी सासऱ्यांचा निरोप आला. बोटीवरचे त्यांचे जुने सोबती कासमभाई तांडेल त्याच खेकड्याचा जपानी छाप घेऊन येणार होते. विलायती सरस की जपानी, यावर दोघा म्हाताऱ्यांचं अर्धं आयुष्य भांडण चाललं होतं. निकालाला तिसऱ्याचे कान हवे होते. जावयाने शहाण्यासारखं वागून निकाल दिला, तर कुंदाला घेऊन जावं. नाही जमलं, तर तिला विसरावं.

आई म्हणाली, "तुझे सासरे, मामा, काय सांगतील ते ध्यानात ठेव आणि तसंच वाग. आपलं डोकं चालवू नको."

"ठेवलं ध्यानात," पर्शुराम म्हणाला आणि एसटीत बसला.

सासरी पोहोचल्या पोहोचल्या मामांनी विलायती छाप वेष्टनातून काढून त्याच्या हातात दिला. पर्शुरामने भाकरीसारखा धरला, अंगठा वर आणि बोटं खाली.

"अहो, अहो जावईबापू!" मामा ओरडले. "मधे हात लावायचा नाही! बोटांचं तेल लागतं. नुसती कड धरायची, कड!"

"ठेवलं ध्यानात."

जेवायला सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, तांदळाची घावनं केली होती. गरम, जाळीदार, कापसासारखी मऊ. पर्शुराम बसला आणि घावनाची कड तेवढी कुरतडून खाऊ लागला. मधला भाग तसाच ठेवायचा आणि दुसरं घावन मागायचं. ताटाशेजारी बशीएवढ्या घावनांची चवड लागली. मामी आतून वाढून वाढून दमल्या.

"जावईबापू, मधलं कच्चं राहिलंय का?" मामींनी विचारलं.

"नाही मामी. पण मधे हात लावायचा नाही."

माजघराच्या दाराआडून कुंदाचं हसू ऐकू आलं. पर्शुरामला इतकं बरं वाटलं, की त्याने आणखी एका घावनाची कड खाल्ली.

जेवणानंतर मामांनी त्याला सगळ्या रेकॉर्डी कपाटात ठेवायला सांगितलं. त्याने ताटं रचावीत तशा एकावर एक रचल्या. मामा धावत आले. "आडव्या नाही ठेवायच्या! वजनाने वाकतात, कायमच्या वाकतात! उभ्या करायच्या, भिंतीला टेकवून."

"ठेवलं ध्यानात."

तेवढ्यात कासमभाई आले. बिचारे उन्हातून आलेले, पाठीत वाकलेले, वयाने थकलेले. पाणी प्यायले आणि ओटीवरच्या बाकावर जरा आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी त्यांना काखेत धरून उचललं आणि भिंतीला टेकवून उभं केलं.

"अरे! काय झालं? आग लागली काय?" कासमभाई म्हणाले.

"आडवं राहायचं नाही, कासमभाई. वजनाने वाकतं." पर्शुरामने त्यांची पाठ निरखून पाहिली आणि हळहळला. "बघा, तुम्हाला फार वर्षं कोणीतरी आडवं ठेवलेलं दिसतंय."

कासमभाई बसायला गेले, की हा पुन्हा उभं करायचा. शेवटी मामा आले आणि त्यांनी म्हाताऱ्याला सोडवलं. घामाघूम झालेले कासमभाई म्हणाले, "जगन्नाथ, तुझा जावई पोलिसात आहे का?"

इतक्यात मामांना आठवलं. "कासम, तुझी पिशवी कुठाय?"

"अंगणात राहिली."

"उन्हात? रेकॉर्ड उन्हात?" मामांचा आवाज चढला. "जावईबापू, धावा! उन्हाने रेकॉर्ड वेडीवाकडी होते. उन्हात जे जे गोल आणि चपटं दिसेल ते उचलून आत आणा!"

"ठेवलं ध्यानात."

अंगणात पिशवी होती. तिच्यात काय आहे ते काही दिसत नव्हतं. गोल आणि चपटी अशी दिसत होती ती मामींची फणसपोळ्यांची ताटं. मामींनी सकाळपासून बरक्या फणसाचे गरे चाळणीवर घासून रस काढला होता आणि ताटांत ओतून नुकताच वाळत घातला होता. पर्शुराम ताटं आत घेऊन आला, नुसती कड धरून. आणि दिवाणखान्याच्या नव्याने रंगवलेल्या भिंतीला त्याने ती एकेक करून टेकवली. उभी.

फणसाचा रस निवांतपणे खाली उतरला. भिंतीवरून जमिनीवर आणि जमिनीवरून मामांच्या चपलांत. वास मात्र छान सुटला.

मामी दारात आल्या. भिंतीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं. ताटं गोळा करून मागच्या विहिरीवर घासायला निघून गेल्या. कासमभाईंनी आपली पिशवी स्वतः आत आणली.

संध्याकाळी निकालाची तयारी झाली. मामा म्हणाले, "आता नीट ऐका. दोन्ही छापांचा आवाज सारखाच ठेवायचा. एक मोठा आणि एक बारीक असला, तर मोठाच कानाला बरा वाटतो आणि न्याय होत नाही. मोठा असेल तो दाबायचा, बारीक असेल तो वाढवायचा."

"ठेवलं ध्यानात."

"पण जपान्यांचं काम म्हणजे..." कासमभाई आपल्या मऊ आवाजात सुरुवात करतात न करतात, तो मामा कडाडले, "जपान्यांना काय कळतंय! विलायतेची रेकॉर्ड ती विलायतेचीच!"

पर्शुराम उठला. त्याने बाकावरची उशी घेतली आणि मामांच्या तोंडावर दाबून धरली. मग कासमभाईंकडे वळून म्हणाला, "तुम्ही जरा वाढवा."

"अरे सोड, सोड! मरेल तो!" कासमभाई ओरडले.

"आता सारखा झाला," पर्शुराम म्हणाला आणि त्याने उशी काढली.

मामा लालबुंद झाले होते. त्यांच्या ओठांवर आलं होतं, की चालते व्हा. पण कान तिसऱ्याचेच हवे होते, आणि त्या गावात खेकडा ऐकायला दुसरा माणूस मिळणं अशक्य होतं. त्यांनी राग गिळला. "दारं-खिडक्या लावून घ्या. बाहेरचं काही आत येता कामा नये."

"ठेवलं ध्यानात." पर्शुरामने पुढचं दार लावलं, मागचं लावलं आणि कड्या घातल्या. मामी तेव्हा विहिरीवरच होत्या.

रेकॉर्ड लावायला कुंदाला बसवलं. कुठला छाप लागलाय ते तिने सांगायचं नाही, आणि तिघांनी डोळे मिटून ऐकायचं. कुंदाने पहिली लावली. भांडी पडली, माणूस ओरडला, आणखी भांडी पडली. ती संपल्यावर तिने दुसरी लावली. पुन्हा भांडी पडली, पुन्हा माणूस ओरडला. आणि मग पर्शुरामच्या कानांवर काहीतरी निराळं आलं. धाड, धाड, धाड.

"काय ऐकलंत?" रेकॉर्ड संपताच मामांनी विचारलं.

पर्शुरामने मन लावून आठवलं. "दोन्हींत भांडी सारखीच पडली. पण दुसरीत मागे कोणीतरी दार बडवतंय. इतकं स्पष्ट, की उठून उघडावंसं वाटलं."

मामा ताडकन उठले. "तो खालचा ढोल! तो जपानी छापात दबलाय! मी कासमला जन्मभर हेच सांगतोय! कुंदे, दुसरी कुठली होती?"

"विलायती," कुंदा म्हणाली.

कासमभाईंनी मान डोलावली. "खरंय," ते म्हणाले. "मलाही ऐकू आलं. इतकी वर्षं कसं सुटलं माझ्या कानांतून, कोण जाणे."

दार कोण बडवत होतं ते कुंदाला चांगलंच ठाऊक होतं. पण तिला आपल्या घरी जायचं होतं. म्हणून तिने गुपचूप जाऊन मागची कडी काढली आणि ओठ मिटून घेतले. मामी ताटांचा ढीग घेऊन आत आल्या. "कानांत बोळे घातलेत काय सगळ्यांनी? हात दुखले माझे," त्या म्हणाल्या.

"श्श," मामा म्हणाले. त्यांनी विलायती छाप पुन्हा लावला होता, ढोल ऐकायला.

विजयाच्या आनंदात मामांनी जावयाला शेजारी बसवून घेतलं. फणस माफ, उशी माफ, बरणीही माफ. "जिंकलंत जावईबापू! उद्या कुंदाला घेऊन जा. आणि शेवटची एक गोष्ट सांगतो. छाप कितीही चांगला असो, ती नक्कलच. हे सगळे ज्याच्यावरून निघाले, ते मूळ वेगळंच. ते जुनं असतं, पण त्याच्या आवाजाची सर कशालाच नाही. मूळ हाती लागत असेल, तर शहाण्याने नकलेकडे बघू नये. पण ते कोणी देत नाही हो!"

"ठेवलं ध्यानात," पर्शुराम म्हणाला.

सकाळी एसटीची वेळ झाली. कुंदा शेजारणीचा निरोप घ्यायला गेली होती. पर्शुराम ओटीवर तिची वाट बघत होता आणि मनातून हरखला होता. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. कासमभाई सहज बोलले, "कुंदा अगदी वहिनींवर गेलीय. तोच चेहरा, बोलणंही तेच. तिघी मुली तशाच."

पर्शुरामने कप खाली ठेवला.

"मामी," त्याने विचारलं, "तिघी तुमच्यापासूनच ना?"

"मग काय फणसाच्या झाडाला लागल्या?"

पर्शुराम आत धावला. मामा रेकॉर्डीसमोर डोळे मिटून बसले होते. "मामा, मग नेऊ का?"

"न्या, न्या!" मामा डोळे न उघडता म्हणाले. "आणि बोलू नका, ढोल येतोय."

पर्शुराम बाहेर आला. "मामी, चला. मामांनी परवानगी दिली. आमच्याकडे राहायचं."

मामींनी त्याच्याकडे बघितलं. मग फणसाचे ओघळ आलेल्या भिंतीकडे बघितलं. आतून भांडी पडायला लागली होती. "लग्न झाल्यापासून तो खेकडा माझ्या उरावर बसलाय," मामी म्हणाल्या. "थांबा, लुगडी घेते."

एसटी निघाली तेव्हा कुंदा धावत फाट्यावर आली. हातात शेजारणीने दिलेले गजरे. "अहो! अहो, मी राहिले!"

"राहू दे!" पर्शुराम खिडकीतून ओरडला. "तुझ्यापेक्षा चांगलं मिळालं!"

वाटेत मात्र त्याला करमेना. मामी खिडकीला डोकं लावून गाढ झोपल्या होत्या. त्याने तिकिटं चुकून कंडक्टरलाच परत देऊन टाकली, तरी कोणी हसलं नाही. छातीत सारखं काहीतरी टोचत होतं. पण मामा खोटं कशाला सांगतील, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली.

घरी आईने आरतीचं ताट तयार ठेवलं होतं. दार उघडून बघते तर लेक, आणि त्याच्यामागे पिशवी घेतलेली विहीणबाई.

"विहीणबाई," मामींनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "तुमच्याकडे रेकॉर्डी लावतात?"

"नाय बाई, आमच्याकडे वाजवायचं यंत्रच नाय."

"मग झालं तर," म्हणत मामी आत गेल्या आणि पाय पसरून बसल्या.

आईने आरतीचं ताट खाली ठेवलं. "अरे मेल्या, तुला बायको आणायला पाठवलं होतं ना?"

"मग तीच आणलीय, आये," पर्शुराम म्हणाला. "फक्त आवाज चांगला असलेली."